गवंड्याच्या बिलातील शंभरावा रुपया

पावसाळा ओसरला, दिवाळी पार पडली, की धर्मग्रामांत बांधकामाचे दिवस सुरू होतात. कोठे शाळेच्या छपराची कौले बदलावयाची असतात, कोठे सभागृहाला रंग द्यावयाचा असतो, तर कोठे दफनभूमीची पडलेली भिंत नाताळापूर्वी उभी करावयाची असते. आमच्या फतेगंज भागात अशा कामांवर दाहोद-पंचमहालाकडून आलेले गवंडी व मजूर दिसतात. काम संपते, मुकादम बिल आणून देतो, कार्यवाह ते तपासतात, आणि पैसे मोजण्याच्या वेळी एक प्रश्न हटकून उभा राहतो. या रकमेतून प्राप्तिकर कापावयाचा की नाही? आणि कापला, तर पुढे त्याचे काय करावयाचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. दुसऱ्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. कर कापला की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत आमच्या संस्थांत, पतपेढ्यांत व दूध सोसायट्यांत सर्रास आढळते. वाचकहो, आजच्या लेखात आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, कर कापण्याने कर्तव्य संपत नाही, तेथे ते सुरू होते. गवंड्याच्या बिलातून कापून ठेवलेला रुपया आपला नसतो. तो त्याच्या श्रमाचा असतो आणि त्याच्या नावे सरकारात पोहोचविण्यासाठी काही दिवस आपल्या हाती ठेव म्हणून आलेला असतो.

प्रथम हा कायदा कोणाचा, ते पाहू. हिंदुस्थानात आधुनिक प्राप्तिकर १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी आणला. स्वातंत्र्यानंतरच्या घटनेत, शेतीचे उत्पन्न वगळून इतर सर्व उत्पन्नावरील कर केंद्राच्या यादीत घालण्यात आला. त्यामुळे वडोदऱ्यात काम झाले काय आणि वसईत झाले काय, कंत्राटदाराच्या बिलातील कपातीचे नियम एकच. गुजरात सरकारकडे किंवा महाराष्ट्र सरकारकडे त्याचे वेगळे विवरणपत्र पाठवावे लागत नाही. राज्यांचा व्यवसाय कर निराळा. त्याचा महाराष्ट्रातील कायदा १९७५ चा व गुजरातमधील १९७६ चा. त्याची आणि या कपातीची गल्लत करू नये.

ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत, त्यांनी तेथील निराळी तऱ्हा ऐकली असेल. तेथे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला दिलेल्या पैशांचा तपशील '१०९९' नावाच्या नमुन्यात मध्यवर्ती सरकारला कळवावा लागतो. शिवाय अनेक राज्येही तोच तपशील आपापल्या नियमाने मागतात. टेक्सास किंवा फ्लोरिडासारख्या, व्यक्तीच्या प्राप्तीवर कर न घेणाऱ्या राज्यांत हा त्रास नाही, शेजारच्या दुसऱ्या राज्यात आहे. तेथे सामान्यतः रक्कम कापली जात नाही, केवळ कळविली जाते. आपल्याकडे कपातही करावयाची आणि कळवावयाचेही. म्हणून आपली जबाबदारी दुहेरी आहे.

कंत्राटदाराच्या बिलातून कर कापण्याची तरतूद १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १९७२ साली घालण्यात आली. 'कलम १९४-सी' हे तिचे नाव कार्यवाहांच्या तोंडी बसले आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांसाठी १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने घेतली, आणि कपातीची बहुतेक कलमे एकत्र होऊन कलम ३९३ मध्ये आली. क्रमांक बदलले, परंतु कंत्राटदाराच्या बाबतीत दर व मर्यादा त्याच राहिल्या. म्हणून जुने नाव कोणी उच्चारले तर गोंधळून जाऊ नये. कागदावर मात्र नवा क्रमांक लिहावा.

आता कपात कोणी करावयाची? सरकार, नगरपालिका, कंपनी, भागीदारी पेढी, सहकारी संस्था, विद्यापीठ, नोंदणीकृत मंडळ आणि विश्वस्त संस्था, या सर्वांवर ती बंधनकारक आहे. अर्थात आमच्या फतेगंजशेजारचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ वसतिगृहाची दुरुस्ती करवून घेते तेव्हा जो नियम त्याला, तोच धर्मग्रामाच्या छोट्या ट्रस्टला. 'आम्ही धर्मादाय संस्था, आम्हांला कर माफ आहे' हे उत्तर येथे चालत नाही. माफी संस्थेच्या उत्पन्नाला आहे, गवंड्याच्या उत्पन्नाला नाही. इतकेच नव्हे, तर कपात करावयाची असून ती केली नाही, तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग धर्मादाय कार्यासाठी झालेला खर्च म्हणून न धरण्याची तरतूद धर्मादाय संस्थांनाही लागू करण्यात आली आहे.

गावातील कुटुंबांनी मात्र उगाच धास्ती घेऊ नये. आपल्या राहत्या घराची भिंत बांधून घेणाऱ्या शेतकऱ्याला किंवा नोकरदाराला ही कपात करावी लागत नाही. ज्या व्यापाऱ्याची आदल्या वर्षाची उलाढाल एक कोटीच्या वर आहे, किंवा ज्या डॉक्टर-वकिलाची प्राप्ती पन्नास लाखांच्या वर आहे, त्याला धंद्यातील कामासाठी ती करावी लागते. घरच्या कामासाठी नाही. एकाच कंत्राटदाराला वर्षात पन्नास लाखांहून अधिक रक्कम देणाऱ्या व्यक्तीसाठी निराळे कलम आहे. आमच्या वाचकांतील फार थोड्यांना त्याची गरज पडेल.

किती कापावयाचे, हेही फार अवघड नाही. एका वेळची रक्कम ३०,००० रुपयांहून अधिक असेल, किंवा एका वर्षात त्याच कंत्राटदाराला दिलेल्या रकमांची बेरीज १,००,००० रुपयांच्या वर जात असेल, तर कपात करावयाची. कंत्राटदार एकटी व्यक्ती किंवा हिंदू एकत्र कुटुंब असेल तर शेकडा १ रुपया. पेढी, कंपनी वा अन्य कोणी असेल तर शेकडा २. समोरचा कोण, हे त्याच्या पॅनवरून कळते. पॅनमधील दहा अक्षर-अंकांपैकी चौथे अक्षर पाहावे. ते 'पी' असेल तर व्यक्ती, 'एच' असेल तर एकत्र कुटुंब, 'एफ' असेल तर पेढी, 'सी' असेल तर कंपनी. सिमेंट, वाळू, विटा आपण स्वतः दुकानातून विकत आणल्या असतील, तर ती निव्वळ खरेदी; तिच्यावर या कलमाची कपात नाही. साहित्यासह कामाचा ठेका दिला असेल, तर सर्वसाधारणपणे संपूर्ण बिलावर कपात होते. बिलात वस्तू व सेवा कर वेगळा दाखविला असेल तर तेवढा वगळावा.

उदाहरण घेऊ. समजा, रंगाऱ्याचे बिल ४५,००० रुपयांचे आहे. पॅन दिले असेल तर त्यातून ४५० रुपये कापावयाचे. पॅन दिले नसेल तर दर शेकडा २० होतो, आणि तेच कापणे ९,००० रुपयांवर जाते! दुसरे उदाहरण. सुताराने चार महिन्यांत २८,००० रुपयांची चार बिले दिली. प्रत्येक बिल मर्यादेच्या आत आहे, म्हणून तीन वेळा काहीच कापले नाही. चौथ्या बिलाबरोबर बेरीज १,१२,००० होते, आणि त्या वेळी संपूर्ण बेरजेवर, म्हणजे १,१२० रुपये, कापावे लागतात. मोठ्या कामाचे तुकडे पाडून २९-२९ हजारांची बिले मागविणाऱ्यांनी हे दुसरे उदाहरण पुन्हा एकवार वाचावे.

येथवर पुष्कळ संस्था येतात आणि थांबतात. पुढची वाट अशी आहे. कपात करणाऱ्या संस्थेला टॅन नावाचा स्वतःचा क्रमांक घ्यावा लागतो. तो पॅनहून वेगळा, आणि वडोदऱ्यातील संस्थांच्या टॅनची सुरुवात 'बी.आर.डी.' या अक्षरांनी होते. एका महिन्यात कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत चलनाने भरावयाची. मार्च महिन्याची तेवढी ३० एप्रिलपर्यंत. त्यानंतर दर तिमाहीस विवरणपत्र भरावयाचे. एप्रिल ते जूनचे ३१ जुलैपर्यंत, जुलै ते सप्टेंबरचे ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर ते डिसेंबरचे ३१ जानेवारीपर्यंत, आणि जानेवारी ते मार्चचे ३१ मेपर्यंत. जुन्या कायद्यात '२६-क्यू' म्हणत, तेच हे विवरणपत्र. प्रत्येक मुदतीनंतर पंधरा दिवसांच्या आत कंत्राटदाराला कपातीचे प्रमाणपत्र द्यावयाचे. त्याला सारे '१६-ए' म्हणून ओळखत आले. हे प्रमाणपत्र संस्थेने घरी टंकलिखित करून दिलेले चालत नाही. ते 'ट्रेसेस' या सरकारी संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे लागते, आणि विवरणपत्र भरल्यावाचून ते तेथे तयारच होत नाही.

या साखळीत तिमाही विवरणपत्राला एवढे महत्त्व का, हे नीट समजून घेतले पाहिजे. चलनाने पैसे भरले, तेव्हा सरकारला इतकेच कळते की अमुक टॅनच्या संस्थेने अमुक रक्कम भरली. ती रक्कम कोणाच्या बिलातून कापली, हे चलनावर लिहिलेले नसते. ते विवरणपत्रात असते. कंत्राटदाराचा पॅन, त्याला दिलेली रक्कम, कापलेला कर, आणि तो ज्या चलनाने भरला त्याचा क्रमांक व तारीख, ही सर्व माहिती तेथे जुळवली जाते. वडोदऱ्याहून भरलेले विवरणपत्र गाझियाबादच्या वैशाली भागातील केंद्रात यंत्राने तपासले जाते, आणि ते जुळले म्हणजेच गवंड्याच्या नावे असलेल्या वार्षिक कर-विवरणात, ज्याला '२६-ए.एस.' म्हणतात, ती रक्कम जमा दिसू लागते. थोडक्यात, चलन हे मनिऑर्डरीचे पैसे आणि विवरणपत्र हा तिच्यावरील पत्ता. पैसे पाठविले आणि पत्ता लिहिलाच नाही, तर मनिऑर्डर कोणाच्या दारी जाणार?

पॅनमधील एक अक्षर चुकले तरी हेच घडते. गवंड्याने बिलावर गुजरातीत सही केलेली असते, नाव एका तऱ्हेने लिहिलेले असते, कार्डावर ते दुसऱ्या तऱ्हेने असते. कार्यवाह फोनवरून पॅन विचारून घेतात आणि 'बी'च्या जागी 'डी' पडतो. रक्कम मग कोणा अनोळखी माणसाच्या खाती जाते, किंवा अधांतरी राहते. चूक सुधारता येते. त्यासाठी सुधारित विवरणपत्र भरावयाचे असते. पण नव्या कायद्याने ही सुधारणा करण्याची मुदत आखूड करून करवर्ष संपल्यापासून दोन वर्षांवर आणली आहे. तेव्हा 'पाहू पुढच्या वर्षी' हे आता परवडणारे नाही.

उशिराचा दंडही ठाऊक असावा. विवरणपत्रास उशीर झाला तर दर दिवसाला २०० रुपये शुल्क पडते. मात्र ते कपातीच्या एकूण रकमेहून अधिक होत नाही. कर कापलाच नाही तर दरमहा शेकडा १, आणि कापून भरला नाही तर दरमहा शेकडा दीड व्याज द्यावे लागते. कायद्याने न कापणाऱ्यापेक्षा कापून ठेवणाऱ्याला अधिक व्याज लावले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कापून न भरणे हा फौजदारी गुन्हाही ठरू शकतो. दुसऱ्याचे पैसे हाती असता ते वापरणे, हे नुसत्या दुर्लक्षाहून वाईट, असाच त्याचा अर्थ.

हे सर्व संस्थेच्या बाजूने झाले. आता गवंड्याच्या बाजूने पाहू, कारण खरी झळ त्यालाच लागते. समजा, एका मुकादमाने वर्षभरात निरनिराळ्या संस्थांची चार लाखांची कामे केली आणि त्याच्या बिलांतून एकूण ४,००० रुपये कापले गेले. लहान व्यावसायिकांसाठी कायद्याने एक सोपी रीत ठेवली आहे. तीनुसार रोखीच्या जमेच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या जमेच्या ६ टक्के, एवढा नफा धरून विवरण भरता येते. मोठी हिशेबवही ठेवावी लागत नाही. चार लाखांवर ८ टक्के म्हणजे ३२,००० रुपये. दुसरे काही उत्पन्न नसेल, तर एवढ्यावर एक पैसाही कर नाही. अर्थात ते चारही हजार रुपये त्याला परत मिळावयास हवेत. चार हजार म्हणजे त्याच्या घरी मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, किंवा पावसाळ्यापूर्वी गावाकडच्या झोपडीवर घालावयाचे पत्रे. परंतु ही परतफेड आपोआप होत नाही. त्याने स्वतःचे प्राप्तिकर विवरण भरले पाहिजे, आणि त्याच्या नावे रक्कम जमा दिसली पाहिजे. यांपैकी पहिली गोष्ट त्याच्या हाती. दुसरी आपल्या हाती.

कोणी म्हणेल, कापलेली रक्कम संस्थेने भरली नाही, तर न्यायालये आहेत ना? आहेत खरी. कर एकदा कापला गेला की तेवढ्यापुरती पुन्हा मागणी कामगाराकडे वा कंत्राटदाराकडे करता येत नाही, असे कायदाच सांगतो. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये अशा करदात्याच्या बाजूने निर्णय दिला, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना सूचना दिली की, कपात करणाऱ्याने पैसे भरले नाहीत म्हणून ज्याचा कर कापला गेला त्याच्यावर सक्तीची वसुली करू नये. हे संरक्षण मोलाचे आहे. तथापि, वसुली थांबणे वेगळे आणि परतावा हाती येणे वेगळे. त्यासाठी कपातीचा पुरावा घेऊन अर्ज करावा लागतो, खेटे घालावे लागतात. रोजावर पोट असलेल्या माणसाने रेसकोर्स सर्कलच्या आयकर भवनात एक दिवस घालविला, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. चारशे-पाचशे रुपयांसाठी तो तेथे जाणार नाही. तो काही बोलणार नाही, पुढच्या कामावर निघून जाईल, आणि आपल्या वहीत सर्व काही ठीक दिसेल.

मजुराची मजुरी अडवून ठेवणे, हे पवित्र ख्रिस्तसभेने स्वर्गाकडे न्यायासाठी आक्रोश करणाऱ्या पातकांत गणले आहे. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी ते पाठ केले. त्या वेळी डोळ्यांपुढे एखादा निर्दय जमीनदार उभा राहत असे. परंतु मजुरी अडविण्यासाठी माणूस निर्दय असावाच लागतो, असे नाही. आळसानेही ती अडते. कपाटात पडून राहिलेले चलन, न भरलेले विवरणपत्र, 'उद्या देतो' म्हणून कधीच न दिलेले प्रमाणपत्र, यांनीही तेच घडते. ज्याचे नुकसान होते त्याला कारण कोणते, याने फरक पडत नाही.

म्हणून आमच्या धर्मग्रामांच्या, शाळांच्या व पतपेढ्यांच्या कार्यवाहांना आमची काही साधी विनंती आहे. काम देतानाच, बिल येण्यापूर्वी, कंत्राटदाराच्या पॅनकार्डाची छायाप्रत घ्यावी. फोनवरून ऐकून लिहू नये. प्रत्येक कंत्राटदाराचे वहीत एक पान ठेवावे आणि वर्षाची बेरीज त्यावर चालती ठेवावी, म्हणजे लाखाची मर्यादा ओलांडली हे मार्च महिन्यात एकाएकी कळणार नाही. पैसे देताना किती कापले, हे तोंडी सांगून थांबू नये, कागदावर लिहून द्यावे. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेला ट्रकमालक पॅनसह तसे लिहून देत असेल, तर त्याच्या भाड्यातून कर कापू नये. मात्र त्याचे नाव विवरणपत्रात घालावे लागते, हे विसरू नये. आणि प्रमाणपत्र हाती पडताच ते कंत्राटदाराला पोहोचवावे. तो दुसऱ्या गावी गेला असेल तर त्याच्या मोबाइलवर धाडावे. आज ते दोन मिनिटांचे काम आहे.

आमच्या वाचकांत स्वतः गवंडीकाम, सुतारकाम, विजेची कामे करणारेही पुष्कळ आहेत. त्यांना वेगळे सांगणे आहे. पॅन देण्यास कां-कूं करू नका. न देण्याने शंभरात एक जावयाचा तो वीस जातो. बिलाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा आणि पैसे शक्यतो बँकेतून घ्या. दर तिमाहीनंतर आपले वार्षिक कर-विवरण स्वतः पाहा, किंवा शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलाला पाहावयास सांगा. कापलेली रक्कम तेथे दिसत नसेल, तर ज्या संस्थेचे काम केले तिच्याकडे जाऊन विचारा. विचारण्यात काही उद्धटपणा नाही. ते पैसे तुमचे आहेत. संस्था धर्मग्रामाची असली, तरी विचारा. आणि वर्षाअखेरीस आपले विवरण मुदतीत भरा. कर लागत नाही म्हणून विवरण न भरणारा माणूस आपला परतावा स्वतःच सोडून देतो.

कागदोपत्री कामाचा कंटाळा कोणाला येत नाही? परंतु हिशेबाच्या वहीतील प्रत्येक ओळीमागे एक माणूस उभा असतो, हे ध्यानात ठेवले तर हा कंटाळा पुष्कळसा कमी होतो. यंदाच्या नाताळापूर्वी ज्या ज्या धर्मग्रामांत भिंती उभ्या राहतील, रंग लागतील, तेथील कार्यवाहांनी ३१ जानेवारी ही तारीख दिनदर्शिकेवर आजच खूण करून ठेवावी. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या बिलांचे विवरणपत्र त्या दिवसापर्यंत गेले पाहिजे, आणि १५ फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक गवंड्याच्या, सुताराच्या व रंगाऱ्याच्या हाती त्याचे प्रमाणपत्र पडले पाहिजे.